निळ्या फुग्याचा दंश आणि गरम पाण्याचा उतारा

१/ बुलढाणा जिल्ह्याला खारे पाणी ठाऊक आहे ते लोणारचे. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर. म्हणूनच मुंबईला गेलेली वऱ्हाडी मंडळी आधी चौपाटी गाठतात. ऑगस्ट २०१८ मध्ये जुहू आणि गिरगावच्या वाळूवर निळे फुगे वाहून आले आणि अनेकांना दंश झाले.

२/ हा जीव म्हणजे ‘ब्लू बॉटल’. लोक त्याला जेलीफिश म्हणतात. प्रत्यक्षात ती अनेक जीवांची एकत्र वसाहत आहे. त्याच्या दोऱ्यांसारख्या शुंडकांत दंशपेशी असतात. जीव वाळूवर मरून पडला, तरी त्या विष टोचू शकतात.

३/ या विषाने वैद्यकाला एक मोठा धडा दिला. १९०१ मध्ये मोनॅकोचे प्रिन्स पहिले आल्बेर यांच्या नौकेवर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी त्याचा अभ्यास आरंभला. पुढे पॅरिसमध्ये समुद्रफुलाचे विष वापरून प्रयोग झाले. पहिल्या मात्रेने कुत्र्यांना संरक्षण मिळेल, ही अपेक्षा होती. घडले उलटे: काही आठवड्यांनी दिलेली अल्प मात्राच प्राणघातक ठरली. या प्रतिक्रियेला ‘ॲनाफिलॅक्सिस’ हे नाव मिळाले आणि रिशे यांना १९१३ चे नोबेल.

४/ वेदनेवरचा उतारा मात्र दीर्घकाळ ऐकीव राहिला. कोणी बर्फ सुचवी, कोणी व्हिनेगर, कोणी चक्क मूत्र!

५/ २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील ९६ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना ४५ अंश सेल्सिअसचे पाणी, तर काहींना बर्फ. वीस मिनिटांनंतर गरम पाण्याच्या गटातील ८७ टक्के रुग्णांच्या वेदना कमी झाल्या; बर्फाच्या गटात ३३ टक्के.

६/ विषातील प्रथिने उष्णतेने निष्प्रभ होत असावीत, असा एक तर्क आहे. तथापि हा उपाय सार्वत्रिक नव्हे. अतिविषारी बॉक्स जेलीफिशच्या दंशावर झालेल्या नंतरच्या चाचणीत गरम पाणी बर्फाहून सरस ठरले नाही.

७/ या इतिहासाचे सार व्यवहाराचे आहे. ब्लू बॉटलचा दंश चोळू नये. समुद्राच्या पाण्याने धुऊन शुंडके अलगद काढावीत. मग सोसवेल इतक्याच गरम पाण्यात तो भाग वीस मिनिटे ठेवावा. उकळते पाणी नव्हे, नाहीतर दंशापेक्षा भाजणेच भारी पडेल. श्वास लागला, तर पाणी तापवत न बसता १०८ ला फोन करावा: रिशे यांच्या प्रयोगाने दाखवलेला धोका तोच.