इनामगावचे बालसांगाडे : एका पुराव्याचे दोन निवाडे

शिरूर तालुक्याचे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्याला परिचित असते ते बहुधा १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईमुळे. पुणे-नगर मार्गावर तो याच लढाईच्या खाणाखुणा धुंडाळू लागतो. परंतु शिक्रापुराहून मुख्य रस्ता सोडून तळेगाव ढमढेरे, न्हावरे या अंगाने पूर्वेकडे वळले म्हणजे घोड नदीच्या उजव्या तीरावर इनामगाव लागते. येथील पांढरीने या तालुक्याच्या इतिहासाचा आरंभ आणखी साडेतीन हजार वर्षे मागे नेला आहे. या पांढरीच्या पोटात ना ताम्रपट मिळाला ना नाणे. मिळाले ते मडक्यांत निजविलेल्या अर्भकांचे सांगाडे. या सांगाड्यांवरून पुरातत्त्वज्ञांनी एक निष्कर्ष काढला आणि शरीरशास्त्राच्या अभ्यासकांनी जवळजवळ त्याच्या उलट. या मतभेदाची मराठीत फारशी चर्चा झालेली नाही. ती करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात, म्हणजे सुमारे पंधरा वर्षे, इनामगाव येथे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. झै. दा. अन्सारी व डॉ. म. के. ढवळीकर हे या कार्याचे धुरीण होत. एखाद्या राजधानीच्या जागी इतके दीर्घ उत्खनन होणे स्वाभाविक मानले जाते. एका शेतकरी खेड्यासाठी इतकी वर्षे खर्ची घालणे ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट होय, आणि तिचे फळही तसेच मिळाले. शंभराहून अधिक घरांचे अवशेष उघडे झाले, दोनशेंहून अधिक दफने सापडली. सांगाड्यांचा अभ्यास जॉन लुकाच व सुभाष वाळिंबे यांनी १९८६ साली स्वतंत्र ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. उत्खननाचा मुख्य वृत्तान्त १९८८ साली बाहेर पडला.

वसाहतीचे तीन कालखंड मानले जातात : माळवा (इ. स. पू. १६०० ते १४००), पूर्व जोर्वे (१४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे (१००० ते ७००). जोर्वे हे नाव संगमनेर तालुक्यातील ज्या गावावरून पडले तेथील उत्खनन १९५०-५१ मधील आहे. पूर्व जोर्वे काळातील इनामगाव हे सुखवस्तू खेडे दिसते. घरे चौकोनी व प्रशस्त, धान्य साठविण्यासाठी पेवे, पुराचे पाणी वळवून नेणारा पाट व त्याला मातीचा बांध. मुख्य पीक जवाचे असून जोडीला गहू, कडधान्ये. जनावरांत गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या. उत्तर जोर्वे काळात हे चित्र पालटते. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, मातीची भांडी ओबडधोबड होतात, गहू-जवाचे प्रमाण घटते आणि शिकारीच्या प्राण्यांची हाडे वाढतात. इ. स. पू. ७०० च्या सुमारास गाव उठले ते उठलेच.

आता दफनांकडे वळू. यांतील बहुसंख्य दफने अर्भकांची व लहान मुलांची आहेत. घराच्या जमिनीत, क्वचित अंगणात, खड्डा खणून त्यात दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवीत आणि त्या दोहोंच्या पोटात मूल निजवीत. शेजारी एखादी वाटी, एखादे तोटीचे भांडे. खड्डा बुजवून वरची जमीन पुन्हा सारवली जाई आणि त्याच जमिनीवर घरातील माणसे पुढे वावरत. दोन वर्षांच्या आतील मुलाचे दहन न करता त्यास पुरावे, हा नियम मनुस्मृतीत आहे व महाराष्ट्रातील बहुतेक जातींत तो आजही पाळला जातो. परंतु स्मृतीने सांगितलेली जागा गावाबाहेरची आहे. इनामगावच्या आईने मूल घराबाहेर जाऊ दिले नाही. दोन्ही रूढींत साम्य आहे म्हणून एकीपासून दुसरी निघाली असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. जागेतील हा भेद लक्षात घेतला म्हणजे तो मोह आवरता येतो.

मृत बालकाविषयी ही माणसे उदासीन नव्हती, याला इतर स्थळींही आधार मिळतो. नेवासे येथील एका मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. मण्यांच्या भोकांत टिकून राहिलेल्या धाग्याचे परीक्षण अ. ना. गुलाटी यांनी करून १९६१ साली प्रसिद्ध केले, तेव्हा त्या धाग्यात रेशीम असल्याचे दिसून आले. तांबे व रेशीम या दोन्ही वस्तू त्या काळच्या खेड्यात सहजासहजी मिळणाऱ्या नव्हत्या.

प्रौढांची गोष्ट वेगळी. त्यांना उत्तरेकडे डोके करून उताणे पुरीत आणि पुरण्यापूर्वी घोट्याखालचे पाय तोडून टाकीत. मृताने उठून चालू लागू नये, घर सोडून जाऊ नये किंवा भूत होऊन हिंडू नये, या समजुतीने असे केले जात असावे, असे उत्खननकारांनी सुचविले. उलट्या पावलांच्या भुताची कल्पना आपल्या खेड्यांत सर्वांच्या ओळखीची असल्यामुळे हे स्पष्टीकरण मराठी वाचकाला चटकन पटते. चटकन पटते म्हणूनच ते जपून स्वीकारले पाहिजे, कारण तीन हजार वर्षांपूर्वीच्या मनुष्याच्या मनातील भीती हाडावरील कापाच्या खुणेवरून वाचता येत नाही. या रूढीला एक ठळक अपवाद आढळला. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांच्या कच्च्या मातीच्या मोठ्या रांजणात, मांडी घालून बसविलेला एक पुरुष सापडला. त्याचे पाय शाबूत होते. तो गावचा प्रमुख असावा हे अनुमान रांजणाचा घाट व घराचे स्थान यांवर आधारलेले आहे आणि ते अयोग्य वाटत नाही.

आता मुख्य प्रश्न. उत्तर जोर्वे काळात झालेला बदल कशामुळे झाला व तो गावकऱ्यांच्या शरीराला कितपत जाणवला? ढवळीकरांचे उत्तर स्पष्ट होते. इ. स. पू. १००० च्या सुमारास पर्जन्यमान घटले, गोदावरी-प्रवरा खोऱ्यांतील गावे ओस पडली, भीमेच्या खोऱ्यातील इनामगाव कसेबसे टिकले. तेथील लोक दारिद्र्यात लोटले जाऊन धनगरांप्रमाणे अर्धभटके जीवन जगू लागले. शिरूर तालुका आजही पर्जन्यछायेत असल्यामुळे आणि १८७६-७८ च्या दुष्काळाची आठवण दख्खनच्या लोकजीवनात खोल रुजलेली असल्यामुळे या उपपत्तीला एक सहज विश्वसनीयता लाभली. दुष्काळ पडला, माणसे खंगली, गाव उठले : आपल्या परिचयाचा हा क्रम आहे.

या उपपत्तीप्रमाणे उत्तर काळातील मुले अधिक रोगट, अधिक कुपोषित आढळली पाहिजेत. ती तशी आहेत काय हे लुकाच व वाळिंबे यांनी दातांवरून तपासले. दाताचे बाहेरील चकाकणारे कवच, ज्यास दंतवल्क म्हणतात, ते थराथराने तयार होते आणि एकदा तयार झाले की हाडासारखे पुन्हा बदलत नाही. ते घडत असताना मुलाला आजार किंवा उपासमार सोसावी लागली, तर त्या जागी खळगा किंवा रेघ कायमची राहते. दुधाच्या सुळ्याचे वल्क मूल पोटात असताना घडू लागते व जन्मानंतर वर्ष उलटण्यापूर्वी पूर्ण होते. म्हणून त्या सुळ्यावरचा खळगा हा गर्भावस्थेचे अखेरचे महिने आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने यांचा दाखला होय, व अप्रत्यक्षपणे आईच्या प्रकृतीचाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष अनपेक्षित होता. असे खळगे पूर्व जोर्वे काळात अधिक असून उत्तर काळात ते कमी होतात. म्हणजे प्रशस्त चौकोनी घरांत, पेवांच्या शेजारी जन्मलेली मुले अधिक पीडित होती आणि गोल झोपड्यांतील मुलांची स्थिती त्या मानाने बरी होती. पुरातत्त्व व मानवशास्त्र यांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत काय, असा प्रश्न पुढे २००० साली त्यांनी आपल्या एका निबंधाच्या शीर्षकातच उपस्थित केला.

हे तितकेसे विपरीत नाही. शेतीच्या आगमनाबरोबर मनुष्याचे आरोग्य सुधारण्याऐवजी कित्येक प्रदेशांत बिघडले, हे जगभरच्या सांगाड्यांवरून दिसून आले आहे. एकाच धान्यावरचे अवलंबन, दाट वस्ती, सांडपाणी व गुरांचा निकट सहवास ही त्याची कारणे. उलट शिकार, रानफळे, शेळी-मेंढीचे दूध व विखुरलेली वस्ती यांनी उत्तर काळातील आईला अधिक सकस आहार मिळाला असेल. चौकोनी घर ते गोल झोपडी या बदलास आपण अवनती म्हणतो ते मुख्यतः आपल्या दृष्टीला चौकोनी घर अधिक सुधारलेले दिसते म्हणून.

परंतु निवाडा येथेही संपला नाही. अमेरिकन संशोधिका ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद व इनामगाव येथील बालकांच्या हाडांचा अभ्यास करून २०११ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे लक्ष दातांऐवजी लांब हाडांवर होते. दातांच्या घडणीवरून मुलाचे वय ठरवायचे, मांडीच्या हाडाच्या मापांवरून शरीराचा बांधा व वजन अजमावायचे आणि वयाच्या मानाने वाढ पुरेशी झाली होती की नाही ते पाहायचे, अशी ही पद्धती. उत्तर जोर्वे काळातील मुलांत त्यांना वाढ खुंटल्याची चिन्हे आढळली. म्हणजे ढवळीकरांचे म्हणणे खरे ठरले काय? तसेही नाही. हवामानाविषयीचे नवे पुरावे एकत्र करून त्यांनी असे दाखविले की, हा प्रदेश बऱ्याच आधीपासून निमकोरडा होता आणि इ. स. पू. १००० ला एकाएकी अवर्षण कोसळले असे मानण्यास पुरेसा आधार नाही. मुले खुजी राहिली हे खरे धरले तरी त्याचे खापर केवळ आभाळावर फोडता येत नाही.

एकाच पांढरीतील, बहुतांशी त्याच मुलांचे दात एक सांगतात आणि हाडे दुसरे सांगतात. येथे एक पद्धतिविषयक अडचण ध्यानात घेणे अवश्य आहे. जेम्स वुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली ती मांडली व सांगाड्यांच्या अभ्यासाचा सगळा सूरच बदलून टाकला. दफनभूमीत आपल्याला भेटतात ती मेलेली मुले. जगलेली मुले मोठी होऊन दुसऱ्या खड्ड्यात गेली. शिवाय ज्या मुलाच्या दातावर आजाराची रेघ उमटली ते निदान तो आजार सोसून काही काळ जगले होते. जे पहिल्याच फटक्याला गेले त्याचा दात निर्मळच राहिला. म्हणून खळगे कमी आढळणे हे सुदृढतेचे लक्षण असू शकते, तसेच दुर्बलतेचेही. केवळ टक्केवारी मांडून या दोहोंतील निवड होत नाही. आपल्याकडील कित्येक प्रबंधांत विकारांची संख्या मोजली की आरोग्याची पातळी ठरली असे गृहीत धरले जाते. ते गृहीत १९९२ नंतर टिकण्यासारखे नाही.

प्रस्तुत लेखकास मात्र असे वाटते की, वरील दोन निवाडे एकमेकांना छेद देतातच असे नाही. दुधाच्या सुळ्याची साक्ष जन्माच्या आगेमागेच्या महिन्यांची आहे. लांब हाडाची साक्ष मृत्यूच्या क्षणापर्यंतची आहे, व त्यांतील पुष्कळ मुले अंगावरचे दूध तुटण्याच्या वयाची किंवा त्यापुढची आहेत. आई तुलनेने सुदृढ, अंगावर पिणारे मूल ठीक, आणि दूध तोडल्यानंतर मात्र त्याला पचेल असे मऊ अन्न अपुरे : अशी स्थिती उत्तर जोर्वे काळात असणे अगदी शक्य आहे. गहू-जव असेल तर आटवल किंवा पेज करून मुलाला भरविता येते. हरणाचे मांस व बोरे-जांभळे यांवर प्रौढाचे भागते, दीड वर्षाच्या मुलाचे भागत नाही. असे असल्यास धान्य घटल्याचा भार गावातील सर्वांवर सारखा न पडता एका विशिष्ट वयावर पडला असे म्हणावे लागेल. मग संपूर्ण समाज सुखी की दुःखी, हा प्रश्नच चुकीचा मांडला गेला असे होईल.

हे अनुमान तपासता येण्यासारखे आहे. हाडातील सेंद्रिय द्रव्य दख्खनच्या उष्ण हवेत व काळ्या मातीत फारसे टिकत नाही. त्यामुळे आहार ओळखण्याची नेहमीची रासायनिक परीक्षा येथे बेताचीच उपयोगी पडते. दंतवल्क मात्र टिकते. त्यातील बेरियमचे प्रमाण थराथराने मोजून मूल अंगावरचे दूध केव्हा सोडू लागले हे काढता येते, असे २०१३ साली माकडांच्या व मनुष्याच्या दातांवरील प्रयोगांनी दाखविले, आणि तीच परीक्षा एका निअँडरथल बालकाच्या दातालाही लावून पाहिली गेली. पूर्व व उत्तर जोर्वे काळांतील समान वयाची थोडी बालके निवडून त्यांच्या दुधाच्या दाढांवर ही परीक्षा केली, तर दूध तुटण्याचे वय दोन्ही काळांत एकच होते की पुढेमागे सरकले, ते कळू शकेल. सुळा यास पुरणार नाही, कारण त्याचे वल्क फार लवकर पुरे होते. पाहावयाचा तो दुसऱ्या दाढेचा थर.