भीमाची बोटं आणि मिरजगावचा निबंध

मिरजगावहून भाचीचा फोन आला. कॉलेजात अण्णाभाऊ साठेंच्या 'स्मशानातील सोनं' या कथेवर समीक्षणात्मक निबंध लिहायचा होता. गाईडमधून तिनं अर्धं पान उतरवूनही काढलं होतं : कथानक, पात्रचित्रण, भाषाशैली आणि शेवटी 'चोरीचा परिणाम वाईट'. पण अडली होती भलत्याच जागी. "मामू, मुर्दे के मुंह में सोना कायकू?"

प्रश्न ऐकून मी गप्पच झालो. आमच्याकडे मयताबरोबर कफनाखेरीज काही जात नाही. मृताच्या तोंडात सोन्याचा कण ठेवायची रीत तिनं पाहिलेलीच नाही. ती ठाऊक नसेल, तर भीमा प्रेताच्या जबड्यात बोटं का घालतो तेच कळत नाही आणि सगळी कथा नुसती भुताटकीची वाटते. गाईडनं नेमकं हेच सांगितलं नव्हतं.

भीमा वारणेकाठचा. पोटासाठी मुंबईला येतो, उपनगराजवळच्या खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. राखेच्या ढिगात त्याला सोनं दिसतं आणि तो मसणवटीत रात्री काढू लागतो. कोल्ह्यांशी झुंजून एक ताजं प्रेत उकरतो, पहारीनं जबडा उघडतो आणि बोटं अडकतात. बोटं कापावी लागतात, आणि तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

मी तिला म्हटलं, चोरी बाजूला ठेव, कामाकडे बघ. प्रेमचंदांची 'कफन' दिल्लीच्या 'जामिया' या उर्दू मासिकात 1935 साली आली. तिथले घिसू-माधव काम टाळतात, कफनाच्या पैशांची दारू पितात. भीमाला काम हवं आहे. मढी उकरणं त्याच्या लेखी रोजगारच आहे. दगड फोडणारे हातच आता राख चाळतात. म्हणून शेवटी तो रडतो ते सोन्यासाठी नाही, हातासाठी. दोन्ही कथांत मेलेल्याच्या वाट्याचं जिवंत माणूस खातो, पण प्रेमचंदांचा उपरोध अण्णाभाऊंकडे नाही. ते भीमाला हसत नाहीत.

का हसत नाहीत, याचं उत्तर इतिहासात आहे. 1920 साली वाटेगावात जन्मलेले अण्णाभाऊ लहानपणी वडिलांबरोबर पायी मुंबईला आले. हमाली केली, गिरणीत राबले. 1944 साली लाल बावटा कलापथक उभं राहिलं, त्यात त्यांच्यासोबत द. ना. गवाणकर होते आणि बार्शीचे अमर शेख, म्हणजे मूळचे मेहबूब हुसेन पटेल. (अमर शेखांचं हे नाव आमच्याच पोरांना माहीत नसतं, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.) दोघेही 1969 सालीच गेले. 1958 च्या मुंबईतल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन करताना अण्णाभाऊ म्हणाले होते की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही, श्रमिकांच्या तळहातावर तरली आहे. हे वाक्य गाईडमध्ये असतं, पण 'लेखक परिचय' या मथळ्याखाली. कथेतल्या हाताशी ते कुणी जोडत नाही. माझ्या मते निबंधाची सुरुवातच तिथून व्हायला हवी.

फोनवर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, अब्बूंचं कसं. मिरजगाव नगर-सोलापूर रस्त्यावरचं, कर्जत तालुक्यातलं, पर्जन्यछायेतलं. पाऊस दडी मारतो त्या वर्षी गावातली किती माणसं पुण्याची गाडी धरतात ते तिला मोजून सांगता येतं. तिचे अब्बू तिथे फरशी घासायचे. मशीन बंद पडलं की मालक घरी बसवायचा आणि मग ते मिळेल ते करत. काय करत, हे घरात कुणी विचारत नसे.

"ये लिखूं क्या?"

मी म्हटलं, अब्बूंना विचार.

दोन दिवसांनी तिनं पानाचा फोटो पाठवला. 'चोरीचा परिणाम' खोडला होता. अब्बूंचा उल्लेख नव्हता. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, भीमाच्या घरात तो रात्री कुठे जातो हे कोण कोण विचारतं, ते आधी पाहू.