माहेर ऑबर्न, सासर जॉर्जिया

अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे मैदानावरचा कारभारी. डाव त्याच्याच हातून सुरू होतो. असा खेळाडू पुढे प्रतिस्पर्ध्याचा प्रशिक्षक झाला की त्याला घरभेदी म्हणतात. ऑबर्न आणि जॉर्जिया विद्यापीठांचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. त्यांचा पहिला सामना 1892 मध्ये अटलांटात झाला तोच दोन प्राध्यापक मित्रांच्या पुढाकाराने. म्हणजे वैराच्या मुळाशीच ओळख होती. ऑबर्नचा क्वार्टरबॅक व्हिन्स डूली 1964 च्या हंगामापासून जॉर्जियाचा मुख्य प्रशिक्षक झाला. त्याचा गुरू शग जॉर्डनही ऑबर्नचाच खेळाडू, पण तिथला मुख्य प्रशिक्षक होण्याआधी तो जॉर्जियात नोकरीला होता. उलट जॉर्जियाचा नावाजलेला गार्ड पॅट डाय 1981 मध्ये ऑबर्नचा प्रशिक्षक झाला. कसब शेजारच्याच घरात शिकायला मिळत होतं, मग माणसं जाणार कुठे?

यावर कुणी म्हणेल, मग हे वैर लुटुपुटूचंच. तसं नाही. 1986 मध्ये डूलीच्या संघाने ऑबर्नला त्यांच्याच मैदानावर 20-16 असं हरवलं, जॉर्जियाचे प्रेक्षक मैदानात घुसले आणि त्यांच्यावर चक्क पाण्याचे फवारे सोडले गेले. निष्ठेची खरी कसोटी 1980 च्या अखेरीस लागली होती. ऑबर्नने डूलीला परत बोलावलं आणि त्याने नकार दिला. डायला जागा मिळाली ती त्यानंतर. आज ऑबर्नच्या मैदानाला डायचं नाव आहे, जॉर्जियाच्या मैदानाला डूलीचं.