प्रेझेंटेशन ऐकायचं कसं? समर्थांना विचारा!

प्रेझेंटेशन द्यायचं कसं, यावर ढिगाने पुस्तकं मिळतात. ते ऐकायचं कसं, हे मात्र सहसा कुणी शिकवत नाही. मंडळी, आपल्याकडे हा विषय सतराव्या शतकातच हाताळून झालाय, आणि तोही समर्थ रामदासांनी.

समर्थांचं बरंचसं कार्य आजच्या सातारा-सांगली पट्ट्यातलं. चाफळ आणि सज्जनगड साताऱ्यात, तर अकरा मारुतींपैकी शिराळ्याचा आणि बहे-बोरगावचा सांगली जिल्ह्यात. त्यांच्या दासबोधात २० दशक, २०० समास. सातव्या दशकात 'श्रवण' या विषयावर लागोपाठ दोन समास आहेत आणि अठराव्या दशकातल्या शेवटच्या समासाचं नावच मुळी 'श्रोता अवलक्षण'!

हा समास वाचताना आपली कॉन्फरन्स रूमच डोळ्यांसमोर येते. कुणी आळोखेपिळोखे देतंय, कुणी जांभया, कुणी चक्क झोपलंय. कुणी बसलाय समोर, पण मन भलतीकडेच. आणि चोरटे तर लोकांच्या चपला घेऊन पसार! मोबाइल तेवढा नाही.

श्रोत्याची एवढी झाडाझडती कशासाठी? तेव्हा पोथ्या हाताने उतरवायच्या, वाचता येणारे मोजके. बहुतेकांसाठी ज्ञान कानावाटेच यायचं. निरूपणात जे निसटलं ते निसटलं. 'नंतर स्लाइड्स मेल करा' ही सोय नव्हती.

मग उपाय काय? दासबोधाची सुरुवातच बघा. ती होते श्रोत्यांच्या प्रश्नांनी: हा ग्रंथ कोणता, यात सांगितलंय काय आणि ऐकून मिळणार काय? कुठल्याही प्रेझेंटेशनला जाताना हेच तीन प्रश्न खिशात ठेवावेत. पुढेही शिष्य मध्येच शंका काढतो आणि समर्थ उत्तर देतात. म्हणजे श्रोत्याने नुसती मान डोलवायची नाही.

दुसरा उपाय मननाचा. काल जेवलो म्हणून आज जेवण सुटत नाही, तसं एकदा ऐकलं म्हणून काम संपत नाही. ऐकलेलं पुन्हा ऐकावं, मनात घोळवावं.

तिसरा, लिहून घेणं. समर्थ सांगत आणि कल्याणस्वामी उतरवून घेत, असं परंपरा सांगते.

आता, समर्थांचं श्रवण परमार्थासाठी होतं, क्वार्टरली रिव्ह्यूसाठी नव्हे, हे कबूल. पण न समजल्याचं खापर दर वेळी बोलणाऱ्यावर फोडता येत नाही, हे दोन्हीकडे सारखंच लागू. स्लाइड्स इनबॉक्समध्ये आल्या म्हणजे डोक्यात उतरल्या, असं थोडंच आहे?

तेव्हा सोमवारच्या मीटिंगला ते तीन प्रश्न घेऊन जाऊन बघा.