चित्रपट आणि हवाई सुरक्षा : अर्जेंटिनातील अनुभव

प्रस्तावना : विमान अपघातास 'वैमानिकाची चूक' कारणीभूत ठरली की बहुतेकदा चर्चा थांबते. ती चूक घडू देणारी परिस्थिती कोणी निर्माण केली, हा प्रश्न मागे पडतो. अर्जेंटिनात चित्रपटांनी तो सार्वजनिक चर्चेत आणला. प्रस्तुत लेखात त्या अनुभवाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

अपघात : ३१ ऑगस्ट १९९९ रोजी 'लापा' या खाजगी कंपनीचे बोइंग ७३७ विमान ब्यूनोस आयर्स येथे धावपट्टी ओलांडून रस्त्यापलीकडे गेले व पेटले. ६५ जण मृत्युमुखी पडले. पंखांचे फ्लॅप उघडलेले नव्हते. धोक्याचा इशारा वाजत असूनही उड्डाणाचा प्रयत्न थांबवला गेला नाही.

दोन चित्रपट : याच कंपनीतील वैमानिक एन्रिके पिन्येरो यांनी सुरक्षेबाबत व्यवस्थापनाला लेखी इशारे दिले होते आणि अपघातापूर्वीच राजीनामा दिला होता. 'व्हिस्की रोमिओ झुलू' (२००४) या चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. विमानाच्या नोंदणीतील अखेरच्या तीन अक्षरांवरून हे नाव दिले आहे. 'फुएर्सा आएरिया सोसिएदाद आनोनिमा' (२००६) या माहितीपटात छुप्या कॅमेऱ्याने हवाई वाहतूक नियंत्रणातील उणिवा टिपल्या आहेत. त्या काळी नागरी उड्डाणांचे नियमन, नियंत्रण आणि अपघातांची तपासणी हवाई दलाच्याच अखत्यारीत होती. साहजिकच तपासणाऱ्याला स्वतःच्या देखरेखीतील दोषही तपासावे लागत.

परिणाम : माहितीपटानंतर शासनावर दबाव वाढला आणि २००७ मध्ये नागरी विमान वाहतुकीसाठी स्वतंत्र नागरी प्रशासन स्थापण्यात आले. न्यायालयीन फलित मात्र तोकडे राहिले. २०१० च्या निकालात कंपनीचे सर्वोच्च अधिकारी निर्दोष सुटले. कामकाज विभागातील दोघांना झालेली शिक्षाही २०१४ मध्ये मुदतबाह्यतेमुळे टिकली नाही.

समारोप : दिग्दर्शक स्वतः या संघर्षातील एक पक्ष असल्याने हे चित्रपट तटस्थ पुरावा ठरत नाहीत. इशाऱ्यांची पत्रे, तपासणी अहवाल व न्यायालयीन कागदपत्रे यांच्याशी ताडूनच इतिहासकाराने त्यांचा उपयोग करावा. तथापि व्यक्तीच्या चुकीमागे दडलेला संस्थेचा दोष त्यांनी दृश्यमान केला, हे त्यांचे ऐतिहासिक मूल्य नाकारता येत नाही. व्यवस्था बदलली, मृतांच्या नातेवाईकांना मात्र पूर्ण न्याय मिळाला नाही.