भ्रम, भोवळ आणि पित्त : एका आजाराच्या नावाचा इतिहास

जालना जिल्ह्यातील जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दहाव्या दशकात भ्रमनिरूपणासाठी एक स्वतंत्र समास दिला आहे. तेथील भ्रम हा जाणिवेचा दोष आहे. वस्तू एक असते आणि भासते दुसरीच. आजही मराठीत हा शब्द आपण जवळजवळ याच अर्थाने वापरतो. भ्रमनिरास, भ्रमिष्ट, संभ्रम हा सारा त्याचाच गोतावळा. संस्कृत वैद्यकग्रंथांत मात्र भ्रम हे देहाचे दुखणे होते. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास रचल्या गेलेल्या माधवनिदानात मूर्च्छा, निद्रा आणि तंद्रा यांच्या शेजारी भ्रमाला जागा आहे. अंग चाकासारखे फिरते आणि माणूस भुईवर कोसळतो, असे त्याचे वर्णन असून रजोगुण, पित्त आणि वात ही त्याची कारणे सांगितली आहेत. देहाचा हा शब्द पुढे मनाचा झाला. वर्षानुवर्षे भोवळीने त्रस्त असलेल्या माणसाला 'तुमच्या मनाचे खेळ आहेत' असे जेव्हा ऐकावे लागते, तेव्हा या अर्थांतराची सावली त्या वाक्यावर पडलेली असते असे आम्हांला वाटते.

ज्या आजाराविषयी आम्ही लिहीत आहोत, त्याचे आजचे नाव व्हेस्टिब्युलर मायग्रेन. आतल्या कानातील तोल सांभाळणारी इंद्रिये आणि त्यांचा मेंदूशी असलेला संबंध म्हणजे व्हेस्टिब्युलर यंत्रणा. मायग्रेन म्हणजे आपली अर्धशिशी. या आजारात अर्धशिशीचा झटका भोवळीच्या रूपाने येतो. चकवा असा, की त्या वेळी डोके दुखेलच असे नाही. पोटात ढवळते, उजेड आणि आवाज सोसत नाही, अंथरुणात कूस बदलली तरी खोली हलते, आणि डोके मात्र शांत असू शकते.

अर्धशिशी या शब्दाची घडण पाहण्याजोगी आहे. ग्रीक भाषेत 'हेमी' म्हणजे अर्धे आणि 'क्रॅनिऑन' म्हणजे कवटी. त्यापासून हेमिक्रॅनिया आणि पुढे मायग्रेन. आपल्याकडे अर्ध्या शीर्षाची अर्धशिशी. दोन्ही भाषांनी दुखण्याला अर्ध्या डोक्यावरून नाव दिले आणि नावातच दुखण्याचे क्षेत्र आखून टाकले. इंग्रजीतील जुन्या 'मेग्रिम' शब्दात निदान डोकेदुखी आणि भोवळ हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. मराठीत ती सोय नव्हती. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) अर्धशिशी एकीकडे आणि भोवळ, घेरी दुसरीकडे. यात कोशकाराचा दोष नाही. बोलणाऱ्यांच्या मनात ती दोन दुखणीच होती.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मात्र ती दोन नाहीत. शिरोरोगांच्या प्रकरणात अर्धावभेदकाचे लक्षण सांगताना अर्ध्या डोक्यातील फुटल्यासारख्या, टोचल्यासारख्या वेदनेबरोबर भ्रमही नोंदवला आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे तेथे काळ दिला आहे : हे दुखणे पंधरवड्याने, दहा दिवसांनी किंवा एकाएकी उद्भवते. प्राचीनांना आजचे सारे ठाऊक होते, असा दावा आम्हांला करायचा नाही. तसल्या दाव्यांचा आम्हांला कंटाळा आहे. परंतु निरीक्षण म्हणून ही ओळ अव्वल आहे. वेदना आणि भोवळ शेजारीशेजारी ठेवणे आणि ती कधी परतते हे पाहणे, एवढी ही साधी गोष्ट पुढे फार काळ हातातून निसटली होती.

ती निसटण्याला युरोपातील एक मोठा शोधही कारणीभूत झाला. १८६१ साली पॅरिसमध्ये प्रॉस्पर मेनिएर यांनी दाखवून दिले, की भोवळीचा उगम आतल्या कानात असू शकतो. तोवर अशा झटक्यांना मेंदूत रक्त साकळल्याचे समजून रुग्णाचे रक्त काढण्याची रीत होती. जोनाथन स्विफ्टला तरुणपणापासून भोवळ आणि बहिरेपणाने छळले. तो स्वतः त्याचे खापर सफरचंदे अतोनात खाल्ल्यावर फोडत असे, आणि लोकांनी पुढे त्याला वेडा ठरवले. त्याचे दुखणे कानाचे होते हे मत पुढे आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मेनिएर यांच्यानंतर रॉबर्ट बारानी यांनी कानात गार वा कोमट पाणी सोडून भोवळ मोजण्याची पद्धत बसवली. १९१४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, तेव्हा ते रशियनांच्या युद्धकैदेत होते. भोवळ अशी कानाच्या वैद्यांकडे गेली आणि डोकेदुखी मेंदूच्या वैद्यांकडे राहिली. १८७३ साली एडवर्ड लिव्हिंग यांनी मेग्रिमवरील ग्रंथात दोहोंचा संबंध सविस्तर मांडला होता, पण दोन खात्यांमधल्या भिंतीवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. १९९९ मध्ये डीटेरिख आणि ब्रांट या जर्मन वैद्यांनी 'व्हेस्टिब्युलर मायग्रेन' हे नाव पुढे आणले. २०१२ मध्ये बारानी यांच्याच नावाच्या संस्थेने आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेसह निदानाचे निकष ठरवले : किमान पाच झटके, प्रत्येक पाच मिनिटांपासून बहात्तर तासांपर्यंतचा; आज किंवा पूर्वी कधी अर्धशिशी असल्याचा वृत्तांत; आणि निदान निम्म्या झटक्यांत अर्धशिशीची काही खूण. निकषांत यंत्राचा, रक्ततपासणीचा उल्लेख नाही. दुसऱ्या कशाने उलगडा होत नाही हे पाहायचे आणि वृत्तांत ऐकायचा.

वृत्तांत कसा ऐकावा, हे आम्ही एकदा जवळून पाहिले. आमच्या एक सहकारी प्राध्यापिका जालन्याहून रोज एस.टी.ने जाऊन-येऊन नोकरी करतात. चक्करसाठी त्यांना सहा वर्षांत 'बीपी लो', 'रक्त कमी', 'मणक्यात गॅप' अशी तीन निदाने मिळाली होती आणि गळ्याला पट्टाही मिळाला होता. एमआरआय निर्दोष आल्यावर 'टेन्शन घेऊ नका' हा सल्ला. अखेर छत्रपती संभाजीनगरात एका तज्ज्ञांकडे आम्ही त्यांच्यासोबत गेलो. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, चक्कर हा शब्द न वापरता सांगा, काय होतं?"

"भिंत सरकते. दोन-तीन तास चालतं."

"डोकं दुखतं का?"

"नाही. पित्त होतं अधूनमधून."

"पित्त होतं म्हणजे नेमकं काय?"

"उन्हातून आलं, जेवण लांबलं, की एक बाजू ठणकते. अंधार करून पडून राहावं लागतं. उलटी झाली की मोकळं वाटतं. नववीत असल्यापासून आहे. आईलाही होतं."

डॉक्टरांनी लिहिणे थांबवून पेन खाली ठेवले. सहा वर्षांत हे त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि त्यांनीही सांगितले नव्हते. पित्ताचा चकरेशी काय संबंध?

१९७२ साली ड्रॅकमन आणि हार्ट यांनी चक्करेचे चार प्रकार पाडले : फिरणे, शुद्ध हरपल्यासारखे होणे, तोल जाणे आणि यांत न बसणारे. मराठीत भोवळ, डोळ्यांपुढे अंधारी आणि झोक जाणे हे शब्द जणू त्यासाठीच होते. ते मागे सारून 'चक्कर' एकट्याने सारी जागा व्यापली, याचे भाषेचे अध्यापक म्हणून आम्हांला वाईट वाटते. पण येथे थोडे सावध व्हावे लागते. २००७ मध्ये न्यूमन-टोकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की तोच प्रश्न थोड्या वेळाने फिरवून विचारला तर रुग्ण आपला प्रकार बदलतात. किती वेळ टिकले आणि कशाने सुरू झाले याची उत्तरे त्या मानाने स्थिर राहतात. म्हणजे अचूक विशेषणापेक्षा काळ आणि निमित्त यांचा भरवसा अधिक. सुश्रुताचा पंधरवडा येथे पुन्हा आठवतो.

उपचारांबाबत थोडक्यात. ठरावीक वेळी झोप आणि जेवण, झटक्यांची नोंदवही, तोल सावरण्याचे व्यायाम आणि गरजेप्रमाणे अर्धशिशीवरचीच प्रतिबंधक औषधे. या औषधांचा खास या आजारावरचा पुरावा अजून तोकडा आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन चाचणीत मेटोप्रोलॉल लटक्या गोळीहून सरस ठरले नाही. चकरेची गोळी महिनोन्महिने घेत राहिल्यास मेंदूची स्वतःहून तोल सावरण्याची क्रिया मंदावते, हेही डॉक्टरांनी बजावले. आमच्या सहकारी आता वही ठेवतात. झटके थांबलेले नाहीत, विरळ झाले आहेत, आणि गळ्याचा पट्टा कपाटात गेला आहे.

२०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे शिकणारी मुले अंबड, परतूर, मंठ्याकडून आलेल्या बायाबापड्यांचे मराठी ऐकतील आणि केसपेपरवर इंग्रजीत उतरवतील. 'पित्त होतं' याचे आपल्याकडचे रूढ इंग्रजी भाषांतर 'ॲसिडिटी' असे आहे, आणि त्यावर आम्लपित्ताची गोळी लिहून दिली जाते.