देनव्याच्या खोऱ्यातली साल

तुमच्या पायाखालची वाळू ओली आहे आणि समोरच्या नदीला ठरावीक पात्र नाही. एका पुरात ती इकडून वाहते, दुसऱ्या पुरात तिकडून. सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीच्या या मैदानात तुम्ही सातपुडा शोधू लागलात तर सापडणार नाही. त्याची नुसती वाळू येऊन पडते आहे. गवत अजून जन्मलेलं नाही, फूल नाही, पाखराचा आवाज नाही. पुढे याच मुलखातल्या चिखलात चपट्या डोक्याचे भलेमोठे उभयचर लोळतील आणि त्यांची हाडं देनवा नदीकाठच्या लाल थरांत राहतील. वाळूवर वाळू साचते, दबते, वालुकाश्म होतो. मध्य प्रदेशातल्या पचमढीचे कडे ते हेच.

पुढचा मुक्काम ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तिथे फार थांबण्यासारखं नाही. जमीन फाटून लाव्हा वाहतो आहे. ज्या उद्रेकांनी सह्याद्रीचा काळा पाषाण रचला, त्यांचीच ही उत्तरेची बाजू. लाव्हा वालुकाश्माच्या फटींत शिरतो, आसपास पसरतो, थिजतो. आता या डोंगरांत दोन खडक शेजारी नांदणार. काळ्याची माती जड, वालुकाश्माची रेताड. वालुकाश्मात पाऊस मुरतो आणि हांडी खोहसारख्या खोल, सावलीच्या दऱ्यांमध्ये उन्हाळ्यातही झिरपत राहतो. एवढं लक्षात ठेवा. पुढचं सगळं जंगल त्याच्यावर उभं आहे.

वाटेत एका कपारीत डोकवा. भिंतीवर रंगाने काढलेला माणूस मोहोळाकडे चढला आहे, भोवती माश्या उठल्या आहेत. आग्या माश्या आजही या कड्यांना मोहोळं लटकवतात.

आता १८६२ चा जानेवारी. पचमढीच्या पठारावर कडाक्याची थंडी आहे. तीनेक वर्षांपूर्वी तात्या टोपे नर्मदा ओलांडून याच डोंगरांतून गेले; त्यांना साथ देणारा कोरकू जहागीरदार भभूतसिंग इंग्रजांच्या हाती पडून संपला आहे. अशा मुलखात कॅप्टन जेम्स फोर्सिथ पाहणीसाठी आला आहे. इथे तो आपला बंगलाही बांधेल. तुम्ही त्याच्या मागे चाला, मात्र त्याची नजर गव्यावर खिळली की तुम्ही झाडांकडे बघा.

काळ्या मातीवर साग आहे. त्याची रुंद पानं पिवळी पडून गळू लागली आहेत, प्रत्येक पावलाला ती कुरकुरतात. सोबत धावडा, तेंदू, मोह. मग वालुकाश्मावर या. साग हटतो आणि साल सुरू होतो, सरळ, दाट, या दिवसांतही हिरवा. सालाचा मोठा पट्टा तर इथून सुमारे दोनशे किलोमीटर पूर्वेला, मंडल्याकडे. मधल्या मुलखात साल नाही. देनव्याच्या खोऱ्यातलं हे सालवन म्हणजे सागाच्या समुद्रातलं एकटं बेट. त्यात फोर्सिथला बारशिंगा भेटतो आणि लाल रानकोंबडा, दोघेही सालाच्या पूर्वेकडच्या मुलखातले. मला या सगळ्या डोंगरात यापेक्षा थक्क करणारं काही दिसत नाही. झाड एकटं मागे राहिलं नाही. आपलं गणगोत सोबत धरून राहिलं.

पुढे प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला विचारलं की सह्याद्रीच्या ओढ्यांतल्या काही माशांचे नातेवाईक थेट आसाम-मलायाकडे कसे? हवा अधिक ओली होती तेव्हा विंध्य-सातपुड्याच्या वाटेने ते पश्चिमेला आले असावेत, असं त्यांचं म्हणणं. त्यावर अजून वाद आहे. पण देनव्याच्या सालात उभं राहून त्यांचा प्रश्न हातात धरता येतो. पचमढीच्या ओल्या दऱ्यांतले वृक्षनेचेही तोच प्रश्न विचारतात. आजूबाजूला कोरडं जंगल असताना त्यांना वर्षाकाठी २००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस मिळतो, आणि वालुकाश्म तो जपून ठेवतो.

फोर्सिथच्या काळातच रेल्वेच्या स्लीपरांसाठी या डोंगरांतली झाडं बेसुमार पडत होती. १८६५ मध्ये याच डोंगरांतलं बोरीचं जंगल राखीव झालं. ते वाचलं, पण कोरकू आणि गोंडांच्या दह्या शेतीवर, म्हणजे झाडोरा जाळून राखेत पेरण्यावर, निर्बंध आले. हा हिशेब एकतर्फी लिहू नये. राखलेल्या जंगलाची किंमत ज्यांनी मोजली ते तिथेच राहत होते. बारशिंगा मात्र राखीव जंगलातूनही नाहीसा झाला. गेल्या दशकात तो कान्ह्याहून बोरीत परत आणला गेला.

मग तुम्ही आजच्या श्रावणात उतरता. नागपूर, अमरावतीकडून आलेले लोक नागपंचमीच्या नागद्वार यात्रेला निघाले आहेत. विदर्भातल्या कित्येक घरांत पचमढीचा महादेव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. छिंदवाडा, तामिया, मटकुली करत गाडी देनवा ओलांडते आणि घाट चढू लागते. खिडकीपाशी बसा. सागाची रुंद पानं सरून लहान, चकचकीत पानांचा साल दिसू लागेल तिथे चालकाला क्षणभर थांबायला सांगा आणि रस्त्याच्या कडेची माती बोटांत घेऊन बघा. ती रेताड असेल.